धरण भरलंय, तोवरच दोन वर्षांचं पिण्याचं पाणी बाजूला काढा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मांजरा धरणाचे दरवाजे उघडले की लातुरात पाण्याचा विषय संपतो. लोक सहकुटुंब धनेगावला जाऊन फोटो काढतात, खणा-नारळाने जलपूजन होतं, आणि पेपरात टंचाईच्या जागी पंचनाम्याच्या बातम्या येतात. त्यात चूक काही नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जे पाणी झालं त्यात लोकांची उभी पिकं गेली, माती खरवडून गेली, जनावरं वाहिली. अशा वेळी दुष्काळाचं नाव काढणं बरं दिसत नाही. तरीही हे पत्र मी मुद्दाम धरण भरलेलं असण्याच्या दिवसांसाठी लिहितेय. पाणीटंचाईवरची पत्रं एप्रिलमध्ये येतात, आणि एप्रिलपर्यंत वाटप होऊन गेलेलं असतं.

मी लातूरच्या ट्यूशन एरियात मुलींची मेस चालवते, वरच्या मजल्यांवर राहायच्या खोल्या आहेत. नांदेड, परभणी, हिंगोली, सोलापूर, अगदी जळगावकडूनही मुली नीटच्या तयारीला येतात. साठेक मुली म्हणजे अंघोळ, कपडे, संडास, दोन वेळचा स्वयंपाक आणि भांडी मिळून रोजचं सहा-सात हजार लिटर पाणी. नळाला पाणी नसेल तर एक टँकर एक दिवस पुरतो. त्यामुळे मला पाणी आधी टँकरमध्ये कळतं, मग लिटरमध्ये. दलघमी हा शब्द मी पेपर वाचून शिकले. एक दलघमी म्हणजे शंभर कोटी लिटर.

२०१६ चा उन्हाळा नव्या मुलींना सांगितला तर खरा वाटत नाही. नळ बंद होते. पाण्याच्या टाक्यांजवळ गर्दी करू नये म्हणून मार्चपासून १४४ कलम लावलं होतं. टँकरने घरटी दोनशे लिटर मिळायचं, आणि ते पुन्हा मिळायला आठवडा जायचा. आमच्या दारात टँकर आला तेव्हा वाद निघाला की मेस म्हणजे घर का धंदा. घर म्हणावं तर दोनशे लिटरमध्ये साठ जणी, धंदा म्हणावं तर रांगेत जागाच नाही. टँकरसोबतच्या माणसाचाही दोष नव्हता, त्याच्या यादीत घर नंबर होते, माणसं नव्हती. शेवटी शेजारच्या दोन घरांनी त्यांच्यातलं थोडं थोडं दिलं.

स्वयंपाकघरात तेव्हा काय चालायचं तेही सांगते. ताटं धुवायची बंद केली, पत्रावळ्या आणल्या. तांदूळ धुतलेलं पाणी परातीत धरून त्यात डाळीचं पातेलं विसळायचं, ते पाणी फरशीला, फरशीचं संडासात. कालवण दाट झालं, कारण पातळ कालवणाला पाणी लागतं आणि वाट्याही जास्त लागतात. समोरच्या गल्लीत एकाने सातशे फूट बोअर मारला. रात्रभर गाडीची घरघर, आणि सकाळी दोरीवरच्या कपड्यांवर पांढरी भुकटी. नुसता फुफाटा निघाला. त्याने कर्ज काढून मारला होता. बऱ्याच हॉस्टेलवाल्यांनी मुलांना घरी पाठवलं. माझ्याकडच्या मुलींना ते जमेना, कारण त्याच वर्षी नीटचा घोळ झाला होता. एक पेपर १ मेला, दुसरा २४ जुलैला, आणि कुणी कोणता द्यायचा हे ऐनवेळी कळत होतं. पोरी बादलीभर पाण्यात केस धुवून अभ्यासाला बसायच्या.

१२ एप्रिलला मिरजेहून कृष्णेचं पाणी घेऊन ‘जलदूत’ आली. पहिल्या गाडीला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणींची गाडी यायला लागली, पंचवीस लाख लिटरची. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोमीटरवरून पाणी आलं, स्टेशनजवळच्या विहिरीत उतरवलं, तिथून पुढे शुद्धीकरणाला. ज्यांनी ते काम केलं त्यांचे उपकार आहेतच. गाडीला श्रेयाचे फलक लावणाऱ्यांचं सोडून द्या.

पण आता त्या गाडीचं गणित करू. मी बी.कॉम. आहे, मेसचा हिशेब स्वतः ठेवते, आणि हे गणित मी कितीदा तरी करून पाहिलंय. उसाला पाटाने पाणी दिलं तर हेक्टरी वर्षाला दोन कोटी लिटर तरी लागतं, अनेक जण अडीच कोटी सांगतात. कमीचं धरू. दोन कोटी म्हणजे पन्नास वाघिणींच्या आठ गाड्या. एका हेक्टरला. त्या उन्हाळ्यात आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळून रेल्वेने लातूरला आणलं ते सगळं पाणी पंचवीस कोटी लिटरच्या आसपास होतं. म्हणजे देशभर गाजलेली ती सगळी रेल्वे बारा-तेरा हेक्टर उसात जिरून गेली असती.

हे वाचून कुणी म्हणेल, बाई शहरात बसून शेतकऱ्यावर घसरली. माझं माहेर कळंब तालुक्यात मांजराच्या फुगवट्यावर आहे. भावाचा चार एकर ऊस आहे, धरणातून उचललेल्या पाण्यावरचा. त्याच्या चार एकरांत तेरा गाड्या पाणी जातं हे मी त्याला दिवाळीत सांगितलं. तो म्हणाला, ‘ताई, तू मला उसासारखं दुसरं पीक सांग, उद्या नांगर घालतो.’ मला सांगता आलं नाही. २०२४-२५ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि आडतीत चार हजार-सव्वाचार हजाराला विकलं गेलं. देशात सोयाबीनची म्हणून ओळखली जाणारी बाजारपेठ लातूरची, आणि तिथे ही गत. उसाला दर कायद्याने बांधलेला, कारखान्याची तोडटोळी शेतात येते, पैसे उशिरा का होईना खात्यावर पडतात. शिवाय ऊस गारपिटीत आडवा झाला तरी काहीतरी हाती लागतं. २०१७ मध्ये सरकारने उसाला ठिबक सक्तीचं करायचं ठरवलं होतं. ते पुढे कुठे गेलं हे शिवारात फिरलं की दिसतं. तेव्हा भावाला दोष देऊन माझा नळ चालू होणार नाही. पण त्याच्या मोटारीला आणि माझ्या नळाला एकाच धरणातून पाणी जातं, आणि कुणाचं किती हे आधी ठरलेलं नसलं की दोघंही वैशाखात उपाशी राहतात. २०१६ ला त्याचा ऊसही वाळला, आणि फुगवट्यावरच्या मोटारींची वीज तोडली तेव्हा गावात भांडणं झाली ती वेगळी.

आता शहराचं गणित. २०११ च्या जनगणनेत लातूर शहराची लोकसंख्या ३ लाख ८२ हजार ९४० होती. त्यानंतर जनगणना झालेली नाही, २०२७ ची आता होईल. आज पाच लाख धरू. भुयारी गटार असलेल्या शहराला माणशी रोज १३५ लिटर असा सरकारी मापदंड आहे. म्हणजे रोज पावणेसात कोटी लिटर आणि वर्षाला सुमारे २५ दलघमी. गळती, शुद्धीकरणात जाणारं, चोरीचं धरून ३० दलघमी म्हणा. मांजरा धरणाचा उपयुक्त साठा जवळपास १७७ दलघमी आहे. भरलेलं धरण म्हणजे लातूर शहराची सहा वर्षांची तहान, बाष्पीभवन बाजूला ठेवलं तर.

मग २०१६ कसं घडलं? शहर वाढलं म्हणून, असं सगळे सांगतात. शहर वाढलंच, पण ते धरणाच्या सहाव्या हिश्श्याइतकंच पितं. खरी अडचण अशी की मांजरा दरवर्षी भरत नाही. आमच्याकडे सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस सरासरीत पडतो खरा, पण तो कधी जूनमध्ये आणि कधी एकदम परतीला. २०१६ ला परतीच्या पावसात धरण भरलं. २०१८ चा पावसाळा वाया गेला. २०२० ते २०२२ चांगली गेली, २०२३ पुन्हा कोरडं, २०२४ ला भरलं. म्हणजे दोन-तीन वर्षं सुकाळ आणि मध्येच एक-दोन वर्षं खडखडाट, हा आता पाठ झालेला क्रम आहे. आणि आपण नियोजन करतो ते फक्त एका वर्षाचं. १५ ऑक्टोबरचा साठा धरायचा, पुढच्या जुलैपर्यंतचं पिण्याचं पाणी राखून ठेवायचं, आणि उरलेलं कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत आवर्तनांना, म्हणजे शेतीसाठी कालव्यात सोडायच्या पाण्याच्या पाळ्यांना, वाटून टाकायचं. पुढच्या वर्षी पाऊस पडणारच, हे त्यात गृहीत धरलेलं असतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की भरल्या धरणातून पिण्याचं दोन वर्षांचं पाणी राखून ठेवा. लातूरचे ६० दलघमी, त्यात केज, धारूर, अंबाजोगाई, कळंब आणि वाटेवरच्या गावांचं धरून ७०-७५ होऊ द्या. तरीही शेतीला आणि कारखानदारीला शंभर दलघमी उरतात. राज्याच्या जलनीतीत पिण्याला पहिला क्रम दिलेलाच आहे, पण तो एका वर्षापुरता पाळला जातो. राखीव साठ्याच्या खाली धरण गेलं की आवर्तन बंद, मग मागणी कुणाचीही असो, हे आधीच लेखी ठरलेलं हवं. शेतकऱ्यालाही ते बरं. आज त्याला ऊस लावून झाल्यावर कळतं की यंदा उन्हाळी आवर्तन नाही. ऑक्टोबरात कळलं तर तो हरभरा, ज्वारी, करडई करील.

राखलेलं पाणी उन्हाने उडून जाईल असा आक्षेप येईल, आणि तो बरोबर आहे. उघड्या तलावातून आमच्या हवेत वर्षाला दीड-दोन मीटर पाणी उडतं. पण उडणारं पाणी हिशेबात धरूनच राखायचं असतं. मी साठ मुलींचा भात टाकते तेव्हा सत्तरचा टाकते, उरलेला वाया गेला तरी परवडतो, पोरगी उपाशी झोपलेली परवडत नाही.

इथेच गाळाचा प्रश्न येतो. मांजराचा मृतसाठा कागदावर ४७ दलघमी आहे. म्हणजे कागदावर तर सगळं आटल्यावरही शहराला दीड वर्ष पुरेल एवढं पाणी तळाशी असायला हवं. २०१६ ला तो तळही उघडा पडला होता. त्यात पाणी किती होतं आणि चिखल किती, हे कुणीतरी मोजून सांगावं. नाशिकची मेरी ही सरकारी संस्था उपग्रहाच्या मदतीने धरणांतला गाळ मोजते. मांजराचा ताजा आकडा लोकांपुढे ठेवायला हरकत काय? २०१६ ला लातूरकरांनी ‘जलयुक्त लातूर’ म्हणून वर्गणी काढली आणि साई ते नागझरी मांजरा नदीचं पात्र खोल-रुंद केलं. मोलकरणींपासून डॉक्टरांपर्यंत लोकांनी पैसे दिले, माझ्या मुलींनी खाऊचे दिले. जे लोक नदीसाठी वर्गणी देतात त्यांना धरणाचा हिशेब मागायचा अधिकार आहे.

आता उजनी, म्हणजे सोलापूर जिल्ह्यातलं भीमेवरचं धरण. आपल्या स्तंभात दर उन्हाळ्यात उजनीचं पाणी आणा अशी पत्रं येतात आणि दर निवडणुकीला आश्वासन. वर्षानुवर्षं ऐकतेय. उजनीहून पाणी आणायला माझा विरोध नाही. पण उजनीची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या आत आहे आणि मांजराची सहाशे चाळीसच्या वर. मध्ये बालाघाटाचा डोंगर. म्हणजे लातूरच्या प्रत्येक घागरीला दीडशे मीटर चढ आणि त्याचं वीजबिल, दर महिन्याला, कायमचं. तेही सोसू. पण उजनीत तेव्हा पाणी असेल का? २०१६ च्या उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये होती, म्हणजे उपयुक्त साठा संपून मृतसाठ्यावर आली होती. २०२४ च्या उन्हाळ्यात ती उणे साठ टक्क्यांच्या घरात गेली. सोलापूर शहर धरणाच्या हक्काच्या पाण्यावर असूनही तिथे वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळ येत आलाय. ज्या वर्षी मांजरा कोरडी पडते त्याच वर्षी भीमा खोरंही तळाला गेलेलं असतं. धरण भरलेल्या वर्षी आपल्याला उजनी नको असते, आणि आटलेल्या वर्षी उजनीकडे द्यायला काही नसतं. सोलापूरकरांनी तेव्हा वाट अडवली तर त्यांना नावं ठेवायची माझी हिंमत नाही.

मराठवाडा वॉटर ग्रिडचंही तसंच. २०१९ च्या सुमारास इस्रायलची कंपनी, अकरा धरणं एकमेकांना जोडायची, नकाशे पेपरात आले. कोरड्या वर्षी अकराही धरणं कोरडी असतील तर नळीतून काय वाहणार, हा प्रश्न तेव्हा विचारला की लोक निराशावादी म्हणायचे. कोकणातलं वाहून जाणारं पाणी गोदावरीत आणायचं म्हणतात ते झालं तर फारच चांगलं. माझ्या नातवंडांना मिळेल.

तोवर गावातलं पाणी बघा. नळ येतो त्या दिवशी रस्त्याने ओघळ वाहतात, कारण कितीतरी नळांना तोट्या नाहीत. मीटरचं नाव काढलं की जुनी भांडणं उकरली जातात. मी स्वतः मीटर लावायला तयार आहे, हॉस्टेलला व्यापारी दर लावा, पण मग पाणी ठरल्या दिवशी आणि ठरल्या वेळी द्या. आणि सांडपाणी. आपण जे वापरतो त्यातलं निम्म्याहून जास्त गटारीतून नाल्यात आणि नाल्यातून परत मांजरेच्या खोऱ्यात घाण होऊन जातं. नागपूरने भांडेवाडीत सांडपाणी स्वच्छ करून कोराडीच्या वीज केंद्राला द्यायला सुरुवात केली, त्याला आता बरीच वर्षं झाली. हरंगुळला रेल्वेचे डबे बनवायचा कारखाना आला, एमआयडीसी वाढतेय, बांधकामं चालूच आहेत. डबे धुवायला, सिमेंट कालवायला धनेगावचं शुद्ध पाणी कशाला लागतं?

शेवटचं, जे मला सगळ्यात जास्त टोचतं. लातूरच्या पुढच्या तीस वर्षांच्या पाणीयोजनेत माझ्या मुली कुठे आहेत? मतदारयादीत बहुतेकींचं नाव अजून नाही, रेशनकार्ड गावाकडे. पण जूनपासून मेपर्यंत त्या पाणी इथलं पितात. त्यांच्या आईबापांच्या पैशांवर इथले क्लास, खानावळी, पुस्तकांची दुकानं, रिक्षा चालतात. लातूर पॅटर्नचा अभिमान सगळ्यांना आहे, त्या पॅटर्नला लागणारं पाणी कुणाच्या आकड्यात नाही. २०१६ च्या टँकरवाल्याच्या यादीत त्या नव्हत्या आणि उद्याच्या योजनेतही नसल्या तर ती योजना पहिल्या दिवसापासूनच हजारो माणसांनी कमी पडणार.

माझ्याकडे रजिस्टर आहे. कोणत्या महिन्यात किती मुली होत्या, नळ किती वेळा आला, टँकर किती घेतले आणि काय भावाने. ट्यूशन एरियातल्या बहुतेक मेस-हॉस्टेलवाल्यांकडे असा काहीतरी हिशेब असतोच, उधारी लक्षात ठेवायला तरी. योजना आखणाऱ्यांपैकी कुणाला हवा असेल तर मी द्यायला तयार आहे, इतरांनाही सांगेन. दुपारी अडीच ते साडेचार मेस बंद असते, त्या वेळात यावं.

आपली,
एक मेसचालक, लातूर
(नाव छापू नये ही विनंती)